देवाच्या माणसाला कसं तपासायचं

तो उपदेशक कोणाकडून काही घेत नाही, ही गोष्ट त्याच्याही आधी आमच्या गावात येऊन पोचली होती. तो आल्यावर लोकांनी ती खरी असल्याचं पाहिलं. जिथे उतरला तिथे पानात पडेल ते जेवला. अंगावर एक आणि झोळीत एक एवढेच कपडे. पंचांनी उपासनेनंतर काही देऊ केलं तर हात जोडून मागे सरला. माझी माय म्हणाली, "असा मानूस खोटं कायले बोलंल? त्याले काय भेटते?" खोटा गुरू हा लोभी असतो एवढंच मला शिकवलं गेलं होतं, आणि हा लोभी नव्हता.

ही पन्नासच्या दशकातली आठवण आहे. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळा मिळून चांदाच, म्हणजे आताचं चंद्रपूर, होता. आमचं गाव सिंदेवाहीच्या बाजूला, जंगलाला लागून. त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची थोडी घरं एका टोकाला, आणि मधे मातीच्या भिंतींचं, कौलारू प्रार्थनाघर. पाद्रीसाहेब तालुक्याच्या गावी राहत आणि महिन्यातून एकदा सायकलने येत. एरवीच्या रविवारी मंडळीचे पंच प्रार्थना चालवत. माझे बाबा त्या पंचांपैकी एक. आमच्या घरात सही करू शकणारा पहिला माणूस ते, आणि कॉलेजात गेलेला पहिला मी. मिशनच्या बोर्डिंगात ज्यांनी मला ठेवून घेतलं, पाटीवर हात धरून अक्षर गिरवून घेतलं, त्यांच्यामुळे मी नागपूरला जाऊन बी.ए. झालो आणि शाळेत मास्तर लागलो. शिकवणारा माणूस म्हटला की माझी मान आपोआप लवायची. म्हणून या उपदेशकाविषयी मनात शंका आली तेव्हा पहिल्यांदा मलाच माझा राग आला.

दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून मी घरी आलो होतो. लवकर पिकणारा हलका धान कापून खळ्यावर आला होता, उशिराचा भारी धान अजून बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, उभा होता. घरात माझी थोरली बहीण होती. तिला आम्ही बाई म्हणायचो. ती माहेरी होती, कारण तिला सासरहून पाठवून दिलं होतं. उजव्या हाताच्या कोपराखाली तिला फिकट चट्टा उठला होता आणि त्या जागेला काही लागलेलं कळत नव्हतं. महारोगाचं नाव कोणी मोठ्याने घेतलं नाही. सासूने एवढंच म्हटलं, "बरी हो, मंग ये." तिची लहान मुलगी मात्र सासरीच ठेवून घेतली. ती पोरगी तेव्हा नुकती चालायला लागली होती.

मिशनच्या दवाखान्याची गाडी दर आठवड्याला सडकेवरच्या मोहाच्या झाडाखाली येई. कंपाउंडर तिथे पेटी मांडून बसे आणि रोग्यांना पांढऱ्या बारीक गोळ्या देई. त्यांची तपासायची रीत साधी होती. रोग्याने डोळे मिटायचे. कंपाउंडर कोंबडीच्या पिसाने अंगाला कुठेतरी अलगद स्पर्श करी, आणि जिथे लागलं तिथे रोग्याने बोट ठेवायचं. निरोगी जागेवर बोट बरोबर पडे. चट्ट्यावर पीस टेकलं तरी बोट हलत नसे. बाई कितीतरी महिने त्या झाडाखाली जात होती. चट्टा फिका झाला होता, पण बोट अजून हलत नव्हतं. "वर्षं लागतात," असं कंपाउंडर म्हणे. लेकरापासून दुरावलेल्या आईला तो असं सांगे, आणि ती ऐकून घेई.

मी घरी पोचलो तेव्हा बाई अंगणात सुपाने धान पाखडत होती आणि गात होती. तिला गाताना मी पुष्कळ दिवसांत ऐकलं नव्हतं.

"मी बरी झालो रे," मला बघताच ती म्हणाली. आमच्याकडे बायासुद्धा असं बोलतात. "प्रभूनं बरं केलं मले."

मग मायने सगळं सांगितलं. उपदेशकाने भर सभेत बाईला पुढे बोलावलं. डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, इतकी की त्याचं सगळं अंग कापायला लागलं आणि लोकांच्या डोळ्यांना पाणी आलं. मग चट्ट्यावर अंगठा रोवून त्याने विचारलं, "कळलं का?" बाई म्हणाली, "कळलं." सगळं प्रार्थनाघर उभं राहून गायला लागलं. उपदेशक म्हणाला, ज्याला देवाने बरं केलं त्याने गोळी खाल्ली तर ते देवाच्या तोंडावर थुंकल्यासारखं आहे. बाईने उरलेल्या गोळ्या त्याच्या पायाशी नेऊन ठेवल्या. त्याने त्या टाचेखाली चुरडल्या.

"आन् आता ऐक," माय म्हणाली. तिचा आवाज आनंदाने बसला होता. "तिच्या सासरी सांगावा गेला. येत्या रविवारी देवाचा मानूस सगळ्या मंडळीसमोर तिले शुद्ध म्हनून सांगनार हाये. ते बैलबंडी घेऊन येतात. पोट्टीले बी आनतात."

मी बाईकडे पाहिलं. ती पाखडताना सूप डाव्या हाताने पेलत होती आणि उजव्या हाताने नुसता आधार देत होती. एका वेळी सूप तिरपं झालं, धान सांडला. तिने सांडलेले दाणे उचलायला उजवा हात पुढे केला आणि लगेच मागे घेऊन डाव्या हाताने उचलले. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळल्यासारखं दिसलं.

"बाई, हात दाखव."

"काऊन? काई नाई झालं हाताले."

"ठणकते का?"

तिने पदर हातावर ओढून घेतला. "सैतान निंगून जाते तवा दुखते थोडं. त्यायनंच सांगतलं."

दुसऱ्या दिवशी गाडीचा वार होता. बाई गेली नाही, म्हणून मी गेलो. झाडाखाली उभा राहून कंपाउंडरला सगळं सांगितलं. तो भला माणूस होता, चिडला नाही. त्याने मला माझाच हात वाकवायला लावला आणि कोपराच्या आतल्या हाडाजवळ बोट ठेवलं. तिथून जी शीर जाते ती या रोगात सुजते, असं तो म्हणाला. शीर दुखायला लागली आणि बोटं वळायला लागली की थांबायला वेळ नसतो. तिला दवाखान्यात आणा, डॉक्टरबाई हात फळीवर बांधतील, औषध देतील, कदाचित हात राहील. उशीर झाला तर बोटं कायमची वळून हाताचा पंजा होईल. "मग तिला भाकर थापता येणार नाही, विळा धरता येणार नाही," तो म्हणाला. अंगठ्याने जोराने दाबलं तर पुष्कळ रोग्यांना कळतं, कारण दाब खोल जातो, हेही त्यानेच सांगितलं. या आजारात जाते ती कातडीची वरवरची जाणीव, आणि ती फक्त पिसानेच तपासता येते.

मी घरी आलो आणि बाईला हे सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तू शिकला, तुले समजते. पन मले सांग, रविवारी मी दवाखान्यात गेलो तर ते लोक पोट्टीले घेऊन माघारी जातीन का नाई?"

"जातील."

"मंग?"

"तुझा हात जाईल, बाई."

"एका हातानं पोट्टीले कडेवर घेता येते," ती म्हणाली आणि चुलीत फुंकर घालायला वाकली.

तिने मनात जी मोजणी केली होती तिच्यात चूक नव्हती. चूक होती ती तिला मिळालेल्या वचनात. रोग तसाच होता. बरी झाली म्हणून ती सासरी गेली असती, तिथे झाड नव्हतं, गाडी नव्हती, आणि गोळ्या पुन्हा मागायच्या तर देवाने बरं केलं नव्हतं असं कबूल करावं लागलं असतं. मग पुन्हा एकदा तिला पाठवून दिलं असतं, या वेळी हातही घालवून.

संध्याकाळी मी उपदेशकाला भेटायला गेलो. तो विहिरीवर कपडे धूत होता. मी सलाम केला, त्याने हसून केला. माणूस पन्नाशीचा, आवाज मऊ, डोळ्यांत माया. त्याच्याविषयी वाईट बोलणं आजही मला जड जातं. तो लबाड होता की त्याचा स्वतःवरच विश्वास बसला होता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी शास्त्रातल्या जागा दाखवायला सुरुवात केली. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा स्वतः वैद्य होता, असं म्हणालो. त्याने माझ्यापेक्षा दुप्पट जागा तोंडपाठ म्हणून दाखवल्या. मी एक म्हटलं की तो तीन म्हणे. विहिरीवर पाण्याला आलेल्या बाया थांबून ऐकायला लागल्या.

"कॉलेजात सगळं शिकवतात," तो त्यांच्याकडे बघून म्हणाला, "फक्त गुडघे टेकायला शिकवत नाहीत."

बाया हसल्या. एक म्हातारी मला म्हणाली, "मास्तर, तुही बी.ए. अजून वली हाये, वाळू दे जरा." त्यावर मलाही हसू आलं, पण कान तापले.

निघता निघता, काही सुचेना म्हणून, मी त्याला विचारलं, "पुढच्या पिकाला इकडे याल ना? बाईला बघायला?"

"मी गेलेल्या गावाला परत जात नाही," तो म्हणाला. "नांगराला हात घातलेला मागे वळून बघत नसतो."

"याआधी जे बरे झाले, त्यांना कधी नंतर बघितलं?"

"बघायची गरज ज्याचा विश्वास कमी त्याला." आणि तो सदरा पिळायला लागला.

वाटेने येताना माझ्या मनात तेच घोळत राहिलं. आमचे पाद्रीसाहेब उपदेशात अडखळत, त्यांचा उपदेश ऐकताना लोक पेंगत. पण पावसाळ्यात नाल्याला पूर असतानाही ते सायकल डोक्यावर घेऊन आले होते, कारण मागच्या खेपेला कोणाचं तरी मूल तापाने फणफणत होतं आणि त्याचं काय झालं ते त्यांना बघायचं होतं. कंपाउंडर तेच करी. बोर्डिंगातल्या माझ्या गुरुजींनी मी नागपूरला असताना सुट्टीत येऊन माझी वही तपासली होती. मला ज्यांनी ज्यांनी शिकवलं ते सगळे परत आले होते. हा माणूस दर गावात एक आनंद पेरत होता आणि तो उगवला की जळला हे बघायला थांबत नव्हता. लोभ नसला तरी हे चिन्ह पुरेसं होतं, असं मला वाटलं. पण माझ्या वाटण्याला मंडळीत किंमत नव्हती. बोलायचं तर बाबांनी बोलायला हवं होतं.

बाबा खळ्यावर बैल हाकत होते. मी त्यांच्याबरोबर फिरत राहिलो आणि सगळं सांगितलं: शीर, पंजा, अंगठ्याचा दाब. ते ऐकत होते आणि बैलांना आवाज देत होते. शेवटी म्हणालो, "बाबा, रविवारी सगळ्यांसमोर पिसानं तपासायला सांगा. एवढंच. बरी असेल तर बोट पडेल, आणि मी त्याच्या पाया पडेन."

बाबा थांबले. बैलही थांबले.

"हे मले करता येत नाई," ते म्हणाले.

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला तोपर्यंत माहीत नव्हतं. ख्रिस्ती होण्याआधी आमच्या घरी कोणी आजारी पडलं की पुजाऱ्याला बोलवत. त्याच्या अंगात देव येई. पण त्या देवावर कोणी एकदम विश्वास ठेवत नसे. घरातला कर्ता माणूस मुठीत धानाचे दाणे घेऊन पुढे जाई आणि विचारी, सांग किती आहेत. सांगता आलं तर पुढचं बोलणं. नाही सांगता आलं तर पुजाऱ्याला पाणी पाजून परत पाठवत. आमचा आजा या कामात पटाईत होता. पुजारी त्याला घाबरत. बाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मिशनच्या गोऱ्या साहेबांनी त्यांच्याकडून ज्या गोष्टी सोडल्याचं कबूल करून घेतलं, त्यात हे दाणे विचारणंही होतं.

"मी पान्यात उभा राहून कबूल झालो," बाबा म्हणाले, "का देवाची परीक्षा आता पायनार नाई. आमी सगळ्यायनं कबूल केलं. म्हनून तर कोनी त्याले इचारून नाई राह्यलं. तू काय समजते, कोनाच्या मनात येत नसंल? येते. पन तोंडावर येत नाई. दाने इचारले का मागं गेलो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे गाव कसं फसलं. आमची माणसं भोळी नव्हती. अंगात आलेल्या देवालाही जाब विचारणारी ही माणसं. पण नवा विश्वास घेताना त्यांनी जुन्या देवांबरोबर जाब विचारायची सवयही टाकून दिली होती, आणि टाकली ती भक्ती म्हणून. पुजाऱ्याला घाबरवणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा आता एका अनोळखी माणसासमोर मान खाली घालून बसत होता आणि त्यालाच नम्रता समजत होता.

मी म्हणालो, "बाबा, देवाची परीक्षा बघू नका. माणसाची बघा. शास्त्रातच सांगितलं आहे की जो कोणी आत्म्याच्या नावाने बोलतो त्याचं लगेच खरं मानू नका, पारखून घ्या."

"कुठी हाये?"

मी घरी जाऊन पुस्तक आणलं. खळ्यावरच, धानाच्या ढिगाला टेकून, मी त्यांना ती जागा काढून दिली. बाबा अक्षरावर बोट ठेवून वाचत. त्यांनी तीन ओळी वाचायला जेवढा वेळ घेतला तेवढ्यात बैलांनी खळ्यातलं तणस, धानाचा पेंढा, खायला सुरुवात केली. मी ते हाकायला उठलो नाही.

"साहेबानं हे नाई सांगतलं," ते शेवटी म्हणाले. मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं आणि बैल हाकायला लागले.

घरात रविवारची तयारी चालली. बाईने डाव्या हाताने नवं लुगडं धुतलं. शनिवारी तिला ठणका इतका होता की ती भिंतीला हात दाबून बसली होती आणि ओठ चावून गाणं गुणगुणत होती. माय तिच्याकडे बघे आणि माझ्याकडे बघे. मला वाटतं तिलाही तोपर्यंत कळलं होतं.

रविवारी सकाळी बंडी आली. सासू पुढे बसली होती, भाऊजी, म्हणजे बाईचा नवरा, बैल हाकत होते, आणि मधे तणसावर माझी भाची. बाई धावत गेली. पोरगी तिला बघून आजीच्या पदरात लपली. बाईने हात पुढे केला तसा सासूने मुलीला किंचित मागे ओढलं. "आदी सभा होऊ दे," ती म्हणाली.

प्रार्थनाघर भरून गेलं होतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, दारात हिंदू शेजारी, एक मुसलमान बांगडीवालासुद्धा पेटी खाली ठेवून थांबला होता. उपदेशक सुंदर बोलला, हे मला सांगितलंच पाहिजे. नंतर त्याने बाईला बोलावलं. ती पुढे जाऊन उभी राहिली. उजवा हात पदराखाली.

"ही बहीण," तो म्हणाला, "आज तुमच्यासमोर शुद्ध—"

"मले काई इचाराचं हाये."

बाबा उभे होते. त्यांचा आवाज इतका हलका होता की मागच्यांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाले.

"उपासना झाल्यावर विचारा, भाऊ," उपदेशक म्हणाला.

"नाई. आता." बाबांच्या हातात कोंबडीचं पीस होतं. ते कुठून आणलं, कधी आणलं, मला माहीत नाही. "दवाखान्यात डोळे मिटाले लावतात. तसं पायतो. नाई तर तुमीच पाहा."

पुरुषांतून एक म्हातारा ओरडला, "भाऊ, दाने इचारून राह्यला का रे? बापावर गेला तू!"

"हव," बाबा म्हणाले. "मानसाले इचारून राह्यलो. देवाले नाई."

उपदेशक बाबांकडे आला नाही. त्याने हात वर केले आणि मंडळीला म्हणाला, "बघा! जिथे देवाने काम केलं तिथे सैतान पीस घेऊन आला!" लोकांत कुजबुज झाली. काही जण उठले. माझ्या शेजारचा पंच बाबांना खाली बसवायला त्यांचा सदरा ओढायला लागला. मला वाटलं, इथेच संपलं.

तेव्हा बाई खाली बसली. प्रार्थनाघराच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर, सगळ्यांच्या मधे. तिने पदर बाजूला केला, वळलेली बोटं मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले.

"पाहा बाबा," ती म्हणाली. "मी खरंच बरी असन तर बोट पडंल."

बाबा तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. त्यांनी पीस तिच्या कपाळाला लावलं. बाईच्या डाव्या हाताचं बोट कपाळावर गेलं. पायाच्या घोट्याला लावलं. बोट घोट्यावर. डाव्या खांद्याला, उजव्या गालाला. प्रत्येक वेळी बोट बरोबर. बाया पुढे सरकून बघत होत्या. बाईच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं.

मग बाबांनी पीस चट्ट्यावर टेकवलं आणि तिथेच फिरवलं.

बाईचं बोट वर उचललेलं होतं. ते तसंच राहिलं. ती वाट बघत होती. "लावा ना," ती म्हणाली.

बाबांनी पीस उचललं नाही, ते फिरवतच राहिले. "लावा ना बाबा," ती पुन्हा म्हणाली, आणि मग तिने डोळे उघडले आणि स्वतःच्या हातावर ते पीस पाहिलं.

उपदेशक म्हणाला, "तिचा विश्वास डळमळला. मी काय करू? त्या घरात शंका आली आणि रोग परत आला."

मला वाटतं त्याच क्षणी मंडळीने त्याला ओळखलं. पिसाने त्याचं वचन खोटं ठरवलं होतं, पण त्याला उघडं पाडलं ते त्याच्या या वाक्याने. बाई जमिनीवर बसली होती, आणि जे मोडलं ते त्याने तिच्याच पदरात टाकलं. तो तिच्याजवळ वाकलासुद्धा नाही. दारातली एक शेजारीण मोठ्याने म्हणाली, "अगा, तिच्या माथ्यावर काऊन घालून राह्यला? दाबलं तर तूनंच होतं ना?"

तो जेवायला थांबला नाही. झोळी घेऊन दुपारीच निघून गेला. त्याला कोणी हाकललं नाही. दोन घरांनी तर त्याच्या वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या, आणि त्यांच्यापैकी एक घर पुढे पुष्कळ वर्षं आमच्याशी धड बोललं नाही. त्यांच्या मते बाबांनीच बाईचा चमत्कार मोडला.

सासू उठली. "बंडी जुपा," ती मुलाला म्हणाली. "पोट्टीले घ्या."

भाऊजींनी बैल जुंपले. ते फार कमी बोलणारे. सगळा वेळ पुरुषांच्या बाजूला खाली बघत बसले होते. बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्या ओढत त्यांनी मला विचारलं, "तो मिशनचा दवाखाना, मूल गावच्या वाटेवर लागते तो, ना?"

"हो. तुमच्या गावाच्या अलीकडे."

"मंग तिले बसू द्या."

सासू म्हणाली, "मी त्या बंडीत बसनार नाई."

"बरं," भाऊजी म्हणाले.

बाईला मायने हात धरून बंडीत चढवलं. पोरगी तिच्यापासून लांब, बापाच्या पाठीला चिकटून बसली. सासू खरोखरच बंडीमागून पायी निघाली, डोक्यावर पदर, तोंडाने अखंड काही पुटपुटत. मी तिच्या मागे चालत होतो. जंगलाची वाट संपली तेव्हा ऊन कललं होतं. एका नाल्याच्या उतारावर ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बैल थांबवा म्हना त्याले. माहे पाय गेले." भाऊजींनी बैल थांबवले. ती मागच्या कडेला, पाय बाहेर सोडून, बाईकडे पाठ करून बसली. पुढच्या धक्क्याला आधार म्हणून तिने तणसावर हात टेकला, तो बाईच्या पायाजवळ. तिने तो काढून घेतला नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कोपराची शीर चाचपली, बोटं एकेक सरळ करून पाहिली. मग भाऊजींना आत बोलावलं. पुस्तकात शिकलेल्या मराठीत, एकेक शब्द थांबून, त्या म्हणाल्या की हात बहुतेक वाचेल. पण करंगळी सरळ होईल असं त्या सांगू शकत नाहीत. किती महिने लागतील तेही सांगू शकत नाहीत. गोळ्या मात्र पुष्कळ वर्षं घ्याव्या लागतील, आणि दर आठवड्याला कोणीतरी तिला त्यांच्याकडे आणून दाखवायचं.

भाऊजींनी मान हलवली. "मी आनत जाईन," ते म्हणाले.

बाई इतका वेळ खिडकीकडे बघत होती. आता ती वळली, टेबलाजवळ गेली आणि डॉक्टरबाईंनी पुढे ठेवलेल्या लाकडी फळीवर तिने आपला हात ठेवला.